टीव्ही भंगारात घालण्याआधी टॉर्च मारून बघा

"आवाज येतोय, पण चित्रच नाही. डिस्प्ले गेला असणार. आता नवीनच घ्यावा लागेल ना?" आम्हाला येणाऱ्या फोनांत हे बोलणं सारखं ऐकू येतं. बहुतेक वेळा डिस्प्ले गेलेला नसतो. सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या आमच्या ग्राहकांनी चांगला टीव्ही कवडीमोलाने देऊन टाकू नये, म्हणून हे पत्रक.

खोलीत अंधार करा. टीव्ही चालू ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, थोडा तिरका धरा. त्या उजेडात बातम्यांची सरकती पट्टी, चॅनलचा लोगो, एखादा चेहरा असं काही पुसट हलताना दिसलं, तर पडदा शाबूत आहे. गेलाय तो त्याच्या मागचा उजेड.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याचा पडदा एलसीडीच असतो आणि तो स्वतः उजळत नाही. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, ३२ इंची टीव्हीत बहुधा दोन किंवा तीन. त्यांवरचे दिवे जुन्या दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक गेला की सगळी माळ विझते. काही टीव्ही चालू केल्या केल्या क्षणभर चित्र दाखवतात आणि लगेच काळोख होतो. तेही बहुधा पट्ट्यांचंच दुखणं. गडबड कळताच आतला बोर्ड स्वतःहून उजेड बंद करतो.

पट्ट्या बदलायच्या तर पडदा उचलावा लागतो, आणि सगळी जोखीम तिथेच आहे. ती काच दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते. तिच्या कडेला फिल्मच्या नाजूक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांतली एक जरी दुमडली तरी चित्रात कायमची उभी रेघ राहते. म्हणून या कामाला आम्ही दोघं येतो. एकटा माणूस पडदा उचलायला लागला तर त्याला थांबवा, मग तो आमच्याकडचा का असेना. पट्ट्या आम्ही पूर्ण सेटच बदलतो. एकच दिवा बदलला तर खर्च कमी येतो खरा, पण बाकीचे दिवे तेवढेच जुने असतात आणि काही महिन्यांत पुन्हा पडदा उचलायची वेळ येते. काढलेल्या जुन्या पट्ट्या तुमच्या हातात देऊनच आम्ही निघतो.

चित्रात पांढरे गोल ठिपके दिसायला लागले की लोक फार घाबरतात. हा बिघाड साधा आहे. प्रत्येक दिव्यावर उजेड पसरवणारी एक छोटी प्लास्टिकची भिंग चिकटवलेली असते. उष्णतेने डिंक सुटतो, भिंग खाली पडते आणि त्या जागी उजेड थेट येतो. भिंग पुन्हा चिकटवली की ठिपका जातो. चित्र निळसर-जांभळं पडलं असेल तर मात्र दिवेच म्हातारे झालेत.

पडदा फुटला असेल तर दुरुस्तीच्या नादाला लागू नका. पडदा हाच टीव्हीचा सगळ्यांत महाग भाग. तो बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो. असं असेल तर आम्ही फोनवरच सांगतो आणि येतही नाही. उभ्या रेघांचं तसं नाही. कधी केबल सैल असते, कधी पडद्याशेजारचा छोटा बोर्ड गेलेला असतो, कधी पडदाच गेलेला असतो. ते बघूनच कळतं. तोवर पडदा बोटाने दाबून बघू नका.

टीव्ही अजिबात चालूच होत नसेल तर त्याच पॉइंटवर मोबाईल चार्ज होतो का बघा. टीव्हीवरचं बटण दाबून बघा. रिमोटवर शंका असेल तर त्याचा पुढचा दिवा मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट चमक दिसली तर रिमोट ठीक आहे. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही.

एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाले की आमच्याकडे जळालेले बोर्ड यायला लागतात. वीज फक्त लाईटच्या वायरीतून येते असं नाही, ती डिशच्या केबलमधूनही आत शिरते आणि सेटटॉप बॉक्सवरून एचडीएमआयमार्गे मेन बोर्डापर्यंत जाते. रिमोटने बंद केलेला टीव्ही त्यातून वाचत नाही. गडगडायला लागण्याआधीच प्लग काढा आणि केबलही काढा. गावाकडे डीपीवर न्यूट्रल तुटतो, तेव्हा घरात २३०च्या जागी ४००च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. पंखा एकदम जोरात फिरला, बल्ब उडाले आणि मग टीव्ही बंद पडला, असं झालं असेल तर फोनवर आवर्जून सांगा. पुष्कळदा आत फ्यूज आणि झटका अडवणारा एक छोटा भागच गेलेला असतो आणि काम थोडक्यात भागतं. फ्यूजच्या जागी तार बांधून टीव्ही चालू करायचा प्रयत्न झाला की मात्र पूर्ण बोर्ड जातो.

आणि हे कळकळीने सांगतो: मागचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो. तो झटका जिवावर बेतू शकतो.

पुराबद्दल सांगलीकरांना वेगळं काय सांगायचं? २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आम्ही चिखलाने भरलेले टीव्ही उघडले. पाण्यातून निघालेला टीव्ही बिघडतो तो बऱ्याचदा नंतर, 'चालतोय का बघू' म्हणून प्लग लावल्यावर. वरून कोरडा दिसला तरी आत गाळ ओला असतो. तसाच आमच्याकडे आणा. बोर्ड धुऊन, पूर्ण वाळवून मगच आम्ही करंट देतो. पडद्याच्या थरांत पाणी गेलं असेल तर तो वाचत नाही, पण बोर्ड वाचलेले आम्ही पाहिलेत. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की सखल भागातल्यांनी टीव्ही भिंतीवरून उतरवून वरच्या मजल्यावर न्यावा. नेताना उभाच धरा, आडवा नको.

पट्ट्या जास्त टिकाव्यात म्हणून सेटिंगमध्ये 'बॅकलाईट' कमी करा. तो बऱ्याचदा पूर्ण वाढवून ठेवलेला असतो. घरात ६० ते ७० पुरतो. अनेक टीव्हीत 'ब्राइटनेस' ही वेगळी गोष्ट असते, ती कमी केल्याने दिव्यांवरचा ताण कमी होत नाही.

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला फोन करा. आम्ही उघडला तर तुमची वॉरंटी जाऊ शकते.

आम्हाला बोलावताना टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणि बिघाडाचा छोटा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे पट्ट्या किंवा बोर्ड बरोबर घेऊनच येता येतं. आणि एक पलंग मोकळा करून त्यावर धुतलेली सुती चादर अंथरून ठेवा. पडदा पालथा ठेवायला तीच जागा लागते, आणि चादरीवर वाळूचा एक कण राहिला तरी चरा पडतो.