मल्टिपल स्क्लेरोसिस : बोधनऱ्हासाचे पूर्वसूचक जैवनिर्देशक

मल्टिपल स्क्लेरोसिस या, मेंदू व मेरुरज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणांना इजा करणाऱ्या रोगाच्या आरंभीच्या काळात, रुग्णाची विचारगती, स्मरण व एकाग्रता पुढे खालावण्याचा संभव सुचवणारी मोजता येण्याजोगी जैविक लक्षणे. रक्तातील व मस्तिष्कमेरुद्रवातील (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवातील) प्रथिने आणि एमआरआय प्रतिमांवरील मापे यांचा त्यांत समावेश होतो.

फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ च्या सुमारास या रोगाचे वर्णन करताना क्षीण होणाऱ्या स्मृतीचाही उल्लेख केला होता. तरीही पुढे दीर्घकाळ हा मुख्यतः हालचालींचा व दृष्टीचा विकार समजला गेला. आज साधारणतः ४० ते ६५ टक्के रुग्णांत बोधनदोष असल्याचे मानतात. रुग्ण कोठून निवडले यावर हा आकडा बदलतो.

सर्वाधिक अभ्यास न्यूरोफिलामेंट लाइट चेन या प्रथिनाचा झाला आहे. ते अक्षतंतूच्या (मज्जापेशीच्या लांब तंतूच्या) सांगाड्याचा घटक असून तंतूला इजा झाली की मस्तिष्कमेरुद्रवात व तेथून रक्तात उतरते. रक्तातील प्रमाण मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम इतकेच असल्याने पूर्वी पाठीच्या कण्यातून द्रव काढावा लागे; एकेक रेणू टिपणाऱ्या ‘सिमोआ’ तंत्राने ही अडचण बरीचशी दूर केली. मात्र वय व मूत्रपिंडविकार यांमुळे पातळी वाढते, स्थूलपणात ती कमी दिसते आणि रोगाचा झटका येऊन गेल्यावर काही आठवडे ते महिने चढलेली राहते. त्यामुळे एकच वाचन बहुधा ताज्या दाहाविषयी अधिक सांगते. बोधनाशी असलेल्या त्याच्या संबंधाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. तारकापेशींतील (मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींतील) जीएफएपी हे प्रथिन झटक्यांविना होणाऱ्या रोगाच्या वाढीशी अधिक निगडित दिसते. ऑलिगोक्लोनल पट्टे (मस्तिष्कमेरुद्रवाच्या तपासणीत दिसणारे प्रतिपिंडांचे पट्टे) यांना या रोगाच्या निदानासाठीच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०१७ च्या आवृत्तीत पुन्हा महत्त्व मिळाले. बोधनाच्या भाकितात त्यांचे स्थान गौण आहे.

प्रतिमांपैकी थॅलॅमस या मेंदूच्या आतील भागाचे घटलेले आकारमान व मेंदूच्या बाह्यकातील (बाहेरील थरातील) व्रण ही लक्षणे अधिक भरवशाची वाटतात. थॅलॅमस हे अनेक मज्जामार्गांचे संगमस्थान असल्याने दूरच्या व्रणांचा परिणामही तेथे साठतो. बाह्यकातील व्रण एमआरआयच्या नेहमीच्या ‘टी२’ प्रकारच्या प्रतिमांत सहसा सुटतात. डबल इन्व्हर्शन रिकव्हरी या एमआरआयच्या दुसऱ्या पद्धतीने ते अधिक संख्येने दिसतात.

सारखीच हानी असलेल्या दोन रुग्णांची बोधनक्षमता भिन्न असू शकते. शिक्षणाने व बौद्धिक सवयींनी लाभणारी ‘बोधन-राखीव’ (हानी झाली तरी काम निभावण्याची मेंदूची राखीव क्षमता) हे त्याचे एक स्पष्टीकरण. म्हणून जैवनिर्देशकांसोबत आरंभीच चिन्ह-अंक चाचणी (चिन्हांना ठरलेले अंक झटपट जुळवण्याची चाचणी) घेऊन ठेवणे इष्ट ठरते. ९० सेकंदांच्या या चाचणीत चार गुणांची घट अर्थपूर्ण धरण्याचा प्रघात आहे. नैराश्य व थकवा यांनीही गुण घसरत असल्याने एकेका रुग्णासाठी हा उंबरठा अपुरा असल्याचे मत ग्राह्य वाटते.