घरगुती बीअरसाठी विद्युत तापन

घरी बीअर बनवताना लागणारे पाणी, आणि पुढे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क म्हणजे वर्ट, विजेच्या उपकरणाने तापवण्याची पद्धत. पाण्यात सोडायचा इमर्शन रॉड, भांड्याला भोक पाडून कायमची बसवलेली कॉइल, बुडाशी एलिमेंट असलेली टाकी आणि इंडक्शन शेगडी ही त्यासाठीची नेहमीची साधने.

या कामात तापवणे दोनदा येते आणि दोन्ही वेळची गरज वेगळी असते: पहिल्यांदा नेमके तापमान, दुसऱ्यांदा नुसता जोर. भरडलेले माल्ट गरम पाण्यात सुमारे तासभर भिजवतात. याला मॅश म्हणतात. त्यात विकरे (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात. त्यांपैकी बीटा-अमायलेज ६० ते ६५° से.ला, तर अल्फा-अमायलेज ७०° से.च्या आसपास जोमाने चालते. त्यामुळे दोन-चार अंशांचा फरकही चवीत उतरतो. मॅश खालच्या तापमानाला धरला तर बीअर कोरडी आणि हलकी होते, वरच्या तापमानाला धरला तर गोडसर आणि भरीव. माल्ट स्वतः थंड असल्याने आधण जास्त तापवावे लागते. किलोमागे ३ लिटर पाणी, माल्ट २०° से.ला आणि मॅश ६६° से.ला हवा असेल, तर पाणी ७२° से.पर्यंत न्यावे लागते. भांडे गार असेल तर ते आणखी अंशभर खाते.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने २५ लिटर पाणी २०° वरून ७२° से.ला नेण्यास दीड युनिट वीज पुरते. २ किलोवॅटच्या कॉइलला पाऊण तास, झाकण नसेल तर थोडा जास्त वेळ. गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटते, तशी ती इथे निसटत नाही. मात्र वरून लटकवलेला रॉड फसवतो. तापलेले पाणी वरच राहते, रॉडच्या टोकाखालचे गारच असते आणि थर्मामीटर वरच्या थराचे तापमान दाखवतो. रॉड बंद करून पाणी ढवळल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

वर्ट उकळताना खरी अडचण येते. साखर आणि प्रथिने कॉइलवर चिकटून करपतात, पातेल्याला बूड लागते तसेच. मग काळी पापुद्री धरते आणि बीअरला धुरकट, जळका वास येतो. अशा वेळी एकूण वॅटपेक्षा कॉइलच्या दर चौरस सेंटीमीटरला किती वॅट पडतात ते पाहावे. पाण्यासाठीच्या आखूड कॉइलमध्ये हा आकडा २० च्या वर जाऊ शकतो. वर्टसाठी दुमडलेल्या लांब कॉइल घेतात, त्यांत तो ८ च्या आसपास असतो. एक जुनी युक्ती अशी, की २४० व्होल्टची कॉइल १२० व्होल्टवर चालवायची. शक्ती चौथाईवर येते आणि करपण्याची भीती जवळपास संपते. अर्थात वेळ चौपट लागतो.

उकळी फुटण्याच्या बेतात फेस एकदम वर चढतो. बुडालेली कॉइल बंद करताच तो खाली बसतो, कारण तिच्यात उष्णता फारशी साठत नाही. जाड तव्याची शेगडी बंद केली तरी काही वेळ तापवतच राहते. उकळी तासभर टिकवावी लागते आणि झाकण उघडे ठेवावे लागते, नाहीतर उकडलेल्या मक्यासारखा वास देणारे डायमिथिल सल्फाइड आतच राहते. ताशी ३ लिटर पाणी उडवायचे तर त्यातच सुमारे १.९ किलोवॅट खर्च होतात. म्हणून २ किलोवॅटच्या एका कॉइलवर २५ लिटरची उकळी मंदच राहते.

सुरक्षेत काटकसर नको. धातूचे भांडे अर्थिंगला जोडलेले आणि लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) असायलाच हवा. तापमान-नियंत्रकाबरोबर येणारा सॉलिड स्टेट रिले (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडला की बहुधा चालू स्थितीतच अडकतो, म्हणून हाताने बंद करता येणारा स्वतंत्र स्विच लागतो. कॉइल कोरडी पेटली तर काही क्षणांत जळते. भांडे रिकामे करण्यापूर्वी प्लग काढावा. कॉइल निवली की तिच्यावरचा पांढरा क्षार सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवून काढावा.