सीएच३४० म्हणजे ‘डुप्लिकेट’ चिप नव्हे

“एफटीडीआय कंपनीचाच अडॅप्टर घ्या, सीएच३४० डुप्लिकेट असते,” हा सल्ला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड) शिकणाऱ्याला यूएसबी-सिरीयल अडॅप्टर, म्हणजे बोर्ड कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारं साधन, घेताना कधी ना कधी मिळतोच. तो चुकीचा आहे. सीएच३४० ही चीनमधल्या डब्ल्यूसीएच कंपनीची स्वतःची चिप, तिचा ड्रायव्हरही वेगळा. उलट नकला निघाल्या त्या एफटीडीआयच्या एफटी२३२ चिपच्या. २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने अशा नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी (कॉम्प्युटर चिप ओळखतो तो क्रमांक) शून्य करून टाकला आणि चांगले चालणारे अडॅप्टर बंद पडले. संशयास्पद स्वस्त ‘एफटीडीआय’पेक्षा सीएच३४० केव्हाही बरी.

पाहायचं असतं ते वेगळंच. प्रो मिनी या यूएसबी पोर्ट नसलेल्या आर्डुइनो बोर्डसाठी अडॅप्टरची डीटीआर पिन बाहेर काढलेली हवी. अपलोड सुरू होताना तीच बोर्ड रिसेट करते. नसेल तर रिसेटचं बटण नेमक्या क्षणी हाताने दाबावं लागतं.

ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप असलेला बोर्ड असेल तर अडॅप्टरच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) पिनवर ३.३ व्होल्टच हवेत. काही अडॅप्टरांवर जंपर (व्होल्टेज निवडायची छोटी टोपी) बदलला तरी फक्त व्हीसीसी (बोर्डाला वीज देणारी पिन) बदलतो, टीएक्स ५ व्होल्टवरच राहते. म्हणून बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटरचा लाल प्रोब टीएक्सला, काळा ग्राउंडला लावा. डेटा जात नसताना टीएक्स हाय, म्हणजे पूर्ण व्होल्टेजवर, असते, त्यामुळे खरा आकडा लगेच दिसतो.