रिस्टोअर करताना कॉम्प्युटर बोलता ठेवा
स्क्रीन रीडर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विंडोज सुरू झालं नाही की पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडरही, म्हणजे एनव्हीडीए किंवा जॉज, सुरू होत नाही. बॅकअप हाताशी असतो, पण तो परत चढवताना समोर काय विचारलं जातंय ते कळायला मार्ग नसतो. मग शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी लागते. त्यांनी घाईत भलतीच डिस्क निवडली, तर बॅकअपही पुसला जातो. हे टाळता येतं, मात्र तयारी मशीन धडधाकट असतानाच करावी लागते. हे पत्रक सलग ऐकता यावं म्हणून त्यात चित्रं आणि तक्ते ठेवलेले नाहीत.

आधी आवाज तपासा

विंडोज १० आणि ११च्या रिकव्हरीत, म्हणजे विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीसाठी उघडणाऱ्या भागात, नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर असतो. तो तुमच्या मशीनवर बोलतो का, ते आजच पाहा. हातातलं काम सेव्ह करा, स्टार्टमधल्या पॉवरवर जा, शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर एंटर करा. मिनिटभराने कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणं एकदम दाबा. ‘चूझ ॲन ऑप्शन’ ऐकू आलं तर निम्मी काळजी मिटली. ‘कंटिन्यू’ निवडलं की नेहमीचं विंडोज सुरू होतं.

काहीच ऐकू आलं नाही, तर मशीन बिघडलं असं समजू नका. रिकव्हरीत मोजकेच ड्रायव्हर असतात आणि नव्या लॅपटॉपचे स्पीकर बऱ्याचदा कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय वाजत नाहीत. यावर स्वस्तातला आणि खात्रीचा उपाय म्हणजे यूएसबी साउंड कार्ड किंवा यूएसबीचा वायरवाला हेडफोन. तो विंडोजच्या स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतो आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. रीस्टार्ट करण्याआधीच तो जोडा. ब्लूटूथ हेडफोनवर इथे विसंबू नका. एचडीएमआयने मॉनिटर जोडला असेल तर ती केबल काढा, कारण कधी कधी आवाज तिकडे जातो.

बोलणारा पेनड्राइव्ह

हार्ड डिस्कच गेली तर तिच्यावरची रिकव्हरीही जाते. त्यासाठी आम्ही १६ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून देतो. त्यात एनव्हीडीए, तुमच्या मशीनचे साउंड आणि डिस्कचे ड्रायव्हर आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर असतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की एनव्हीडीए आपोआप बोलायला लागतो. डिस्कचा ड्रायव्हर आम्ही मुद्दाम घालतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी इंटेलची व्यवस्था चालू असते. तिचा ड्रायव्हर नसेल तर आतली डिस्क यादीत दिसतच नाही, आणि डिस्क जळाली असा गैरसमज होतो.

विंडोज चालू असेल तर ‘चूझ ॲन ऑप्शन’मधल्या ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडता येतो. विंडोज चालूच होत नसेल तर बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरचा, बूट मेन्यू लागतो. मशीन कशावरून सुरू करायचं ते त्यात निवडतात. बहुतेक डेल आणि लेनोवो मशीनवर तो एफ१२ने आणि एचपीवर एफ९ने उघडतो, पण बायोस बोलत नाही. म्हणून पेनड्राइव्ह देतानाच आम्ही बूटच्या क्रमात यूएसबी पहिला ठेवून देतो. त्यानंतर फक्त पेनड्राइव्ह लावायचा आणि मशीन चालू करायचं. एरवी तो काढून ठेवा.

४८ आकड्यांची किल्ली

मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, होते. बूटचा क्रम बदलल्यावर किंवा रिकव्हरीत गेल्यावर मशीन बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागू शकतं. सुरुवातीलाच येणाऱ्या निळ्या पडद्यावर कोणताही स्क्रीन रीडर बोलत नाही. रिकव्हरीत मात्र नॅरेटर चालू करून किल्ली टाइप करता येते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. ते ब्रेलमध्ये लिहून ठेवा, शिवाय फोनमध्येही साठवा. फक्त त्याच कॉम्प्युटरवर ठेवलेली किल्ली ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

डिस्क आकड्यावरून ओळखा

सर्वांत मोठं नुकसान होतं ते या पायरीवर. रिस्टोअर करताना ‘कोणत्या डिस्कवरून’ आणि ‘कोणत्या डिस्कवर’ असे दोन प्रश्न येतात. ड्राइव्हच्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका, कारण रिकव्हरीत तुमच्या सी ड्राइव्हला डी हे अक्षर मिळालेलं असू शकतं. आकार ऐका. २५६ जीबीची डिस्क साधारण २३८, ५१२ जीबीची ४७६ आणि १ टीबीची ९३१ जीबी अशी वाचली जाते. म्हणूनच बॅकअपची डिस्क आतल्या डिस्कपेक्षा वेगळ्या आकाराची घ्या, असा आमचा आग्रह असतो. दोन्ही ४७६ निघाल्या तर कानाने फरक करता येत नाही. बॅकअपच्या डिस्कला इंग्रजीत सोपं नाव द्या. पेनड्राइव्हवरचा आवाज इंग्रजी असेल तर मराठी नाव नीट वाचलं जाईलच असं नाही.

बॅकअपची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. विंडोजचीच सिस्टिम इमेज (विंडोजसकट आख्ख्या डिस्कची नक्कल) वापरत असाल तर ‘विंडोजइमेजबॅकअप’ फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवा आणि त्याचं नाव बदलू नका, नाहीतर रिकव्हरीला तो सापडत नाही. नवी डिस्कही जुनीपेक्षा लहान चालत नाही. मायक्रोसॉफ्टने ही सोय २०१७ पासून वाढवणं थांबवलं आहे, म्हणून नव्या ग्राहकांना आम्ही ती सुचवत नाही.

रिस्टोअर चालू असताना

एनव्हीडीए चढत्या स्वरांच्या बीपने प्रगती कळवतो. टक्के ऐकायचे असतील तर एनव्हीडीए बटण (सहसा इन्सर्ट) आणि यू दाबा, दर वेळी दाबल्यावर प्रगती कळवायची पद्धत बदलते. यूएसबी ३च्या पोर्टवर १२० जीबीला साधारण २० मिनिटं लागतात, यूएसबी २वर तासभर. दोन बीपमध्ये बराच वेळ गेला म्हणून मशीन बंद करू नका. लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, तेव्हा शक्यतो दुसरा वार निवडा.

विंडोज परत आल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए सुरू करा. डिस्क बदलली असेल तर जॉज पुन्हा लायसन्स मागू शकतं. तोवर ते एका वेळी ४० मिनिटं चालतं, मग मशीन रीस्टार्ट करावं लागतं. बिटलॉकर चालू आहे का तेही पाहा. चालू अवस्थेतल्या विंडोजमधून घेतलेली इमेज चढवली की डिस्क बहुधा एन्क्रिप्शनशिवाय परत येते.

दुरुस्तीला येताना चार्जर, बॅकअपची डिस्क, पेनड्राइव्ह आणि ४८ आकडे सोबत आणा. कोणतीही डिस्क पुसण्यापूर्वी तिचा आकार आणि नाव आम्ही तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो आणि तुमचा होकार मिळाल्यावरच पुढे जातो.