एलएलपी: नोंदणी वेगळी, करारनामा वेगळा

नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की एलएलपीचं, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीचं, काम संपलं, असं अनेक भागीदार धरून चालतात. प्रत्यक्षात नोंदणीने संस्था अस्तित्वात येते, एवढंच. भागीदारांचं आपसातलं नातं ठरतं ते करारनाम्याने, आणि वकिलाची खरी गरज तिथे असते.

नोंदणीसाठी एमसीए (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर ‘फिलिप’ हा नोंदणीचा फॉर्म भरतात. किमान दोन नियुक्त भागीदार (कायद्याच्या पूर्ततेची जबाबदारी असलेले), त्यांतला एक भारतात निवासी, डिजिटल सही, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा. वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं किंवा नाव आधीच्या कंपनीशी मिळतंजुळतं असलं की फॉर्म अडतो. कायद्याची पूर्तता झाल्याचं निवेदन वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी कोणीही देऊ शकतो. एवढ्यापुरता सीए पुरेसा आहे.

करारनामा नोंदणीपासून 30 दिवसांत फॉर्म 3 सोबत दाखल करायचा असतो. इथेच तयार नमुन्यात फक्त नावं बदलली जातात. करारनामा नसेल, किंवा एखाद्या मुद्द्यावर तो गप्प असेल, तर एलएलपी कायदा, 2008 ची पहिली अनुसूची, म्हणजे कायद्यातच दिलेले ठरावीक नियम, लागू होते.

समजा, एकाने 8 लाख घातले, दुसऱ्याने 2 लाख. पण दुसरा पूर्णवेळ राबतो. अनुसूचीनुसार भांडवल, नफा, तोटा सगळ्यांत दोघांचा वाटा समान, आणि राबणाऱ्याला कामाचा मोबदला मागण्याचा हक्क नाही. म्हणजे दोघांनाही हे जाचतं. निर्णय बहुमताने, प्रत्येकाला एक मत. दोघांत मतभेद झाला तर काम ठप्प. भागीदाराला बहुमताने काढताही येत नाही, तसा अधिकार करारात स्पष्ट दिलेला असावा लागतो. मोबदल्याचं कलम आयकरासाठीही लागतं: कार्यरत भागीदाराचं वेतन खर्चात धरायचं तर करारनाम्यात त्याची रक्कम किंवा हिशोबाची रीत हवी, आणि मागच्या तारखेपासून ते चालत नाही.

म्हणून वकिलाला ‘एलएलपी करून द्या’ एवढंच सांगू नका. भागीदार बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, पैसे किती हप्त्यांत द्यायचे, बँकेत सह्या कोणाच्या, ब्रँडचं नाव कोणाकडे राहणार, बरोबरीची मतं पडली तर काय, हे आधी भागीदारांनी बसून ठरवावं आणि लेखी न्यावं. त्यावर तोडगा सुचवणारा वकील निवडा. नुसता नमुना पुढे सरकवणारा नको. फीमध्ये मसुद्याच्या किती दुरुस्त्या धरल्या आहेत, तेही विचारून घ्या.

मसुदा फिलिप भरण्याआधीच पक्का करावा, कारण भांडवलाचे आकडे त्या फॉर्ममध्येही जातात आणि करारनाम्यात वेगळे निघाले तर फॉर्म 3 परत येऊ शकतो. मुद्रांक शुल्क राज्याच्या कायद्याप्रमाणे भरून मगच सह्या करा. पुढे एखादं कलम बदललं, तर तो बदलही 30 दिवसांत फॉर्म 3 ने कळवावा लागतो.