फाटकावरची वही आणि माहिती संरक्षणाचा कायदा

ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने २०१८ च्या सुरुवातीला मोबाइलधारकांचे सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला केव्हा फोन केला याचे तपशील, बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडले, तेव्हा वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी देशात स्वतंत्र कायदाच नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३अ नुसार निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येई. पण ते संवेदनशील माहितीपुरतेच होते, आणि २०११ च्या नियमांतील संवेदनशील माहितीच्या यादीत पासवर्ड, आर्थिक व आरोग्यविषयक तपशील असले तरी साधा मोबाइल क्रमांक नव्हता.

नव्या कायद्याची निकड भासली ती आधारमुळे. पहिले आधार क्रमांक २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले, आणि दोनच वर्षांनी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे सांगताना सरकारने १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांचा आधार घेतला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी हा युक्तिवाद एकमताने नाकारला. माहिती संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावर या कायद्याची मर्यादा स्पष्ट दिसते. रखवालदाराच्या दोरी बांधलेल्या वहीत पाहुण्याचे नाव, क्रमांक आणि फ्लॅट लिहिला जातो, आणि मागून येणारा प्रत्येकजण ते सहज वाचतो. तरी ही वही कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तीच माहिती टॅबवर भरून घेतली, किंवा वहीतून नंतर संगणकात चढवली, की सोसायटीही बांधील होते: संमतीवर विसंबायचे असेल तर माहिती कशासाठी घेतो हे सांगावे लागते, पाहुण्याने मागितल्यास ते मराठीतही द्यावे लागते, आणि काम संपल्यावर ती पुसावी लागते. ठाण्यातल्या किती कार्यकारिणींना याची कल्पना असेल, हा प्रश्नच आहे.

खटकते ते एवढेच, की या अधिनियमाने कलम ४३अ वगळायचे ठरवले आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, मात्र तो भारताच्या संचित निधीत जमा होतो; ज्याची माहिती फुटली, त्याला या कायद्याखाली भरपाई नाही.