हार्डवेअर सिक्वेन्सरवरील पॉलिरिदम

हार्डवेअर सिक्वेन्सरवरील पॉलिरिदम : एकाच अवधीचे दोन वेगवेगळ्या संख्यांनी समान भाग पाडायचे आणि दोन्ही एकाच वेळी वाजवायचे, याला पॉलिरिदम म्हणतात. एक हात दोन ठोके देत असताना दुसऱ्याने तेवढ्याच वेळात तीन सारखे ठोके दिले, की ‘दोनात तीन’ हा सर्वांत साधा प्रकार तयार होतो. हाताने चार मात्रा धरून तोंडाने त्याच अवधीत पाच बोल म्हणणारा तबल्याचा विद्यार्थी हेच करत असतो. प्रचलित अर्थाने ती कुआड लय. चारात सहा म्हणजे आड, चारात सात म्हणजे बिआड. सिक्वेन्सर हे ठोक्यांचा आणि स्वरांचा क्रम साठवून तो फिरवत राहणारे यंत्र. संगणकाशिवाय, नुसत्या बटणांवर आणि नॉबवर चालणाऱ्या अशा यंत्राकडून ही लयकारी करून घेण्याची रीत या नोंदीत सांगितली आहे.

यंत्राला लय चुकण्याची भीती नसते. त्याची अडचण वेगळी असते: ते समान घरांच्या ठरावीक जाळीवर चालते. रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनने १६ बटणांची रांग रूढ केली. एक बटण म्हणजे एक स्टेप आणि चार स्टेपचा एक ठोका. त्रितालाच्या सोळा मात्रांची सवय असलेल्या कानाला ही रांग लगेच ओळखीची वाटते. पण १६ ला २, ४ आणि ८ ने भाग जातो. ३, ५ आणि ७ ने जात नाही. पुढची सगळी खटपट एवढ्या एका गोष्टीमुळे करावी लागते.

सर्वांत सोपा मार्ग प्रत्येक ट्रॅकची, म्हणजे एकेका वाद्याच्या स्टेपच्या ओळीची, लांबी वेगळी ठेवण्याचा. किक (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ढोलाचा ठोका) १६ स्टेपची आणि हायहॅट (झांजांच्या जोडीचा आवाज) ७ स्टेपचा ठेवला, तर हायहॅट दर फेरीला पुढे सरकत जातो आणि दोघे पुन्हा समेवर भेटतात ते ११२ स्टेपनंतर. त्रिताल आणि रूपक एकाच लयीत एकत्र सुरू केल्यासारखेच हे आहे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीत ही भेट १४ सेकंदांनी होते. १५ आणि १६ अशा जवळच्या लांब्या घेतल्या, तर ३० सेकंद वाट पाहावी लागते. दोन लांब्यांचा लसावि म्हणजे पूर्ण आवर्तन, एवढा हिशेब ठेवला की पुरते.

काटेकोरपणे पाहिले तर हा पॉलिमीटर झाला, पॉलिरिदम नव्हे. इथे स्टेपची गती एकच असते, फक्त आवर्तने लहानमोठी असतात. आर्टुरियाच्या ड्रमब्रूट (२०१६) या यंत्रावर ‘पॉलिरिदम’ असे लिहिलेले बटणच आहे आणि ते दाबल्यावर वाद्यांच्या लांब्या वेगळ्या होतात. नावाचा हा घोळ इतका पसरला आहे, की नवशिक्याने बटणावरच्या नावापेक्षा आपल्या कानावर विश्वास ठेवावा. तरीही या दोन गोष्टींमधली भिंत वाटते तेवढी जाड नाही. एक ट्रॅक ३ स्टेपचा आणि दुसरा ४ स्टेपचा करा आणि दोन्हींत फक्त पहिल्या स्टेपवर ठोका ठेवा. १२ स्टेपमध्ये पहिला चारदा वाजतो, दुसरा तीनदा, आणि ऐकू येतो तो खराखुरा ‘तीनात चार’. ५ आणि ४ लांबीचे ट्रॅक घेतले, तर २० स्टेपमध्ये ‘चारात पाच’ म्हणजेच कुआड मिळते. मात्र यात मुख्य ठोका चारऐवजी पाच स्टेपचा होतो. तो मिनिटाला १२० हवा असेल, तर यंत्राची गती १५० ठेवावी लागते.

दुसरा मार्ग ट्रॅकची गती बदलण्याचा. स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीच्या डिजिटॅक्ट (२०१७) या ड्रम मशीनवर प्रत्येक ट्रॅकला निमपट, पाऊणपट, दीडपट, दुप्पट अशी गती देता येते. दोन ट्रॅकवर दर चौथ्या स्टेपला ठोका ठेवून त्यातल्या एकाला दीडपट केले, की ‘दोनात तीन’ होते. पाऊणपट केले तर ‘चारात तीन’. सव्वापट मात्र त्या यादीत नाही, म्हणून कुआड या वाटेने सरळ मिळत नाही.

ती मिळवायची तर सूक्ष्म सरकवणीचा आधार घ्यावा लागतो. याच यंत्रावर कोणताही ठोका त्याच्या जागेवरून थोडा मागेपुढे नेता येतो आणि १६ स्टेपचे त्यासाठी ३८४ बारीक भाग धरलेले असतात, म्हणजे एका स्टेपचे २४. ३८४ ला ५ ने भागले की ७६.८ येतात. त्यावरून १, ४, ७, १० आणि १३ या स्टेपवर ठोके ठेवून ते अनुक्रमे ०, ५, १०, १४ आणि १९ भाग पुढे सरकवायचे. उरणारी चूक अर्ध्या भागापेक्षाही कमी, १२० च्या गतीत सुमारे दोन मिलिसेकंद. ती कानाला कळत नाही. पाच मिनिटांचे हे काम एकदा हाताने जरूर करावे. तयार बटण दाबून जे समजत नाही, ते या बेरजेतून समजते.

न सरकवता ठेवलेल्या त्या पाच स्टेप पाहिल्या, तर अंतरे ३-३-३-३-४ अशी दिसतात. हाच युक्लिडीय ताल: ठरावीक स्टेपमध्ये ठरावीक ठोके शक्य तितके समान वाटणे. संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तूसँ यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की जगातल्या अनेक पारंपरिक तालांची रचना या वाटपाशी जुळते. आठात तीन वाटले, की क्यूबाचा ३-३-२ असा त्रेसियो हा ताल मिळतो. आज अनेक सिक्वेन्सरमध्ये ही सोय असते. तो जाळीवर बसवलेला पॉलिरिदमच असतो. मात्र असमान अंतरांमुळे त्याला जो झोका येतो, तो पाच सारख्या ठोक्यांत नसतो.

ही कल्पना सिक्वेन्सरपेक्षा जुनी आहे. रशियन संशोधक लिऑन थेरेमिन यांनी अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी १९३१ मध्ये रिदमिकॉन हे वाद्य बनवले. त्याची तिसरी पट्टी एका अवधीत तीन ठोके देई आणि मूळ स्वराच्या तिप्पट कंपनसंख्येचा स्वरही वाजवी. दुसरी आणि तिसरी पट्टी एकदम दाबली, की लयीत ‘दोनात तीन’ आणि स्वरांत षड्ज-पंचम ऐकू येई, कारण दोन्हींचे गुणोत्तर ३:२ हेच आहे.

प्रत्यक्ष वाजवताना किक स्थिर ठेवून विषम लांबी हायहॅट, घंटा किंवा बेसच्या सुरावटीला द्यावी. सगळेच ट्रॅक विषम केले, तर ऐकणाऱ्याला सम सापडत नाही. बऱ्याच यंत्रांत ‘मास्टर लांबी’ असते. ती ६४ असेल तर ७ स्टेपचा ट्रॅक नऊ फेऱ्या करून दहाव्या फेरीची एकच स्टेप वाजवतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे मुद्दाम केले तर तिहाईसारखी ओढ निर्माण होते. नकळत झाले तर घसरल्यासारखे वाटते.

दोन यंत्रे जोडताना मिडीचे (वाद्ययंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या प्रमाण पद्धतीचे) घड्याळ ठोक्याला २४ स्पंदे पाठवते. २४ ला ३ ने भाग जातो, म्हणून आड सहज जुळते. चार ठोक्यांची ९६ स्पंदे पाचात वाटली, तर प्रत्येकी १९.२ येतात आणि घड्याळात असे स्पंद नसते. म्हणून पाचाचा आणि चाराचा ट्रॅक एकाच यंत्रावर ठेवावा. दुसऱ्या यंत्राला ‘सुरू’ हा संदेश पाठवावा, ‘पुढे चालू’ नव्हे, कारण ‘पुढे चालू’ने ते यंत्र मधूनच उचलते आणि समा चुकतात.